रत्नागिरीला जाताय? आधी थिबा राजाच्या समाधीवर जा

रत्नागिरीला आलेली मंडळी गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नदुर्ग करतात आणि वेळ उरला तर थिबा पॅलेसकडे वळतात. आम्ही या वेळी सुरुवातच थिबा राजापासून केली. म्यानमारच्या बातम्या गेली काही वर्षं मनाला लागून राहिल्या आहेत, आणि त्या देशाचा शेवटचा राजा तर आपल्या कोकणात मेला.

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या घेतली की पहाटे रत्नागिरी. स्टेशन गावाबाहेर, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून रिक्षा किंवा एसटी मिळते. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात आणि वेळापत्रकही बदलतं, ते बघूनच तिकीट काढा. सोमवारी मात्र येऊ नका, राजवाड्यातलं संग्रहालय बंद असतं.

समाधी शिवाजीनगर भागात, वस्तीच्या मधे आहे. नकाशापेक्षा माणसांना विचारलेलं बरं. आम्हाला शेजारच्या एका काकांनी वाट दाखवली. म्हणाले, "चपला काढून जा हां. तिकडची माणसं आली की गुडघे टेकून नमस्कार करतात इथे." इथे थिबा आहे आणि त्याची धाकटी राणीही. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली, राजाला आधी मद्रासला आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. पट्टराणी 1919 साली रंगूनला परतली, थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीचीच झाली. तिची मुलगी टुटू याच गावात गरिबीत, मराठी बोलत म्हातारी झाली. राजा उचलला की मुलूख गप्प बसेल हा इंग्रजांचा हिशेब तेव्हाही चुकला होता. पुढची कित्येक वर्षं ब्रह्मदेशात गावोगाव बंडं चालू राहिली आणि ती मोडायला आपल्याच हिंदुस्थानी पलटणी नेल्या.

या दगडापुढे अलीकडे कोण कोण उभं राहिलं, हे इथे येण्याआधी जरूर वाचून या. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थीन सेन आले. तो आशेचा काळ होता. निर्बंध सैल झाले होते, पुढच्याच महिन्यात कर्ज देणाऱ्या देशांनी सुमारे 6 अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. ऑक्टोबर 2015 मध्ये सरकार आणि 8 सशस्त्र गटांत शस्त्रसंधी झाली. तिला साक्षीदार म्हणून संयुक्त राष्ट्रं, चीन, जपान यांच्याबरोबर भारताचीही सही आहे. डिसेंबर 2016 मध्ये राजाच्या शंभराव्या पुण्यतिथीला सेनाप्रमुख मिन आँग लाइंग इथे आले. पुढच्या वर्षी त्यांच्या सैन्याच्या कारवाईमुळे सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले, आणि 1 फेब्रुवारी 2021 ला याच सेनाप्रमुखांनी निवडून आलेलं सरकार उलथवलं.

मला तिथे उभं राहून राग आला, तो लपवत नाही. जगाने पैसा ओतला, सह्या केल्या, पण बंदूक कुणाच्या हातात राहते याला हात लावला नाही. 2008 ची घटनाच अशी की संसदेच्या एक चतुर्थांश जागा सैन्याच्या, आणि संरक्षण, गृह, सीमा ही खातीही सैन्याकडेच. राजधानीतल्या टेबलावर दिलेली मदत त्या टेबलाबरोबरच उलटते.

तिथून राजवाड्यात या. 1910 साली बांधलेली तिमजली वास्तू, उतरती छपरं आणि अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या. संगमरवरी फरशीच्या दालनात थोडं थांबा. राजा इथे राहायला आला तेव्हा रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. संग्रहालयाला तासभर पुरतो. खाली थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि पूल दिसतो, संध्याकाळी गर्दी असते. जेवणाचं फार सांगत नाही, रत्नागिरीत मासे कुठेही चांगले मिळतात.

मंडाले आज कसं आहे, हेही बरोबर घेऊन जा. 28 मार्च 2025 ला 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला, तीन हजारांवर माणसं गेली, जुन्या राजवाड्याची तटबंदी ढासळली. भारताने 'ऑपरेशन ब्रह्मा' खाली विमानं आणि जहाजं पाठवली, मंडालेत लष्कराचं फिरतं रुग्णालय उभं केलं. ही मदत थेट जखमी माणसापर्यंत गेली, म्हणून मला मोलाची वाटते. पण त्याच दिवसांत म्यानमारच्या सैन्याचे स्वतःच्याच देशातले हवाई हल्लेही थांबले नव्हते. आणि त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने पैसे नाहीत म्हणून तिथल्या दहा लाखांवर लोकांचं धान्य थांबवलं.

याच्या उलट मिझोराम बघा. भारतात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, 1951 च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही, तरी म्यानमारमधून सीमा ओलांडून आलेल्या तीस हजारांवर माणसांना तिथल्या गावांनी, चर्चनी आणि यंग मिझो असोसिएशन या तिथल्या लोकसंघटनेने घरं, तांदूळ, शाळा दिल्या. बाहेरच्या देशांनी मदत करायची तर अशा हातांतून करावी, असं मला ठामपणे वाटतं. ही माणसं सरकार बदललं म्हणून निघून जात नाहीत.

मुलांना घेऊन गेलात तर त्यांना समाधीपाशी हे सगळं सांगा, राजवाड्यात नको. राजवाड्यात ती फक्त खिडक्या बघतात. समाधीपाशी माझ्या भाचीने विचारलं, "मग त्यांना घरी का नाही नेलं?" बऱ्याच वर्षांपासून अवशेष परत न्यायची चर्चा आहे, एवढं मी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही.