एमआरआयत डाग आहेत, पण कशाचे?

डाव्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या आणि मग त्या जाईचनात. मांडी घालून बसल्यावर येतात तशा नव्हेत. सकाळी डोळा उघडला की त्या आधीच हजर. हळूहळू गुडघ्यापर्यंत चढल्या. मधूनच उजवा गाल दाताचं इंजेक्शन दिल्यासारखा बधिर व्हायचा आणि थोड्या वेळाने सुटायचा. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सगळ्यांनी दिवसभर उभं राहण्यावर खापर फोडलं. एका डॉक्टरांनी कमरेत गॅप आहे म्हणून पट्टा दिला. दुसऱ्यांनी न तपासताच "टेन्शन कमी करा, मॅडम" असं सांगितलं. टेन्शन होतंच, पण ते मुंग्यांचं.

आमच्या तासगावकडे मोठं दुखणं म्हटलं की मिरज, हे ठरलेलं. तिथे मेंदूचा एमआरआय झाला. मंगळसूत्र, कानातलं, केसांच्या पिना काढल्या. जोडवी निघेनात तेव्हा तिथल्या मावशींनी साबण लावून काढून दिली. मशीनच्या आवाजाची सगळे भीती घालतात, पण मला तोंडावरच्या जाळीचा जास्त त्रास झाला. हातात दाबायला रबरी फुगा असतो, तो पूर्ण वेळ घट्ट धरून होते.

रिपोर्टवर शेवटी लिहिलं होतं: दोन्ही फ्रंटल लोबमध्ये काही नॉन-स्पेसिफिक व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज (म्हणजे कशाचे ते नक्की न सांगता येणारे पांढरे डाग), पुढे प्रश्नचिन्ह घालून डिमायलिनेशन (नसांवरचं आवरण झिजणं), पुन्हा प्रश्नचिन्ह घालून इस्केमिक बदल (रक्तपुरवठा कमी पडल्याचे), आणि 'क्लिनिकल कोरिलेशन करावे', म्हणजे पेशंटला तपासून ताडून पाहा. दोन प्रश्नचिन्हं घेऊन आम्ही घरी आलो. न्यूरॉलॉजिस्टची वेळ पुढच्या आठवड्यातली होती. तोवर ह्यांनी आणि मी आळीपाळीने मोबाइलवर वाचून मल्टिपल स्क्लेरोसिसपासून (एमएस, ज्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटते) स्ट्रोकपर्यंत सगळं मला लावून पाहिलं. सासूबाईंनी गुपचूप मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी काढू दिली.

न्यूरॉलॉजिस्टनी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवून सीडी लावली, पण त्याच्याही आधी मला तपासलं. ट्यूनिंग फोर्क वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि थरथर कळणं कधी थांबतं ते विचारलं. डोळे मिटून उभं केलं. एका रेषेत पावलाला पाऊल लावून चालवलं. प्रश्न तर असे, की जे मला कुणी विचारलेच नव्हते. मान खाली घातल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं होतं का? गरम पाण्याने अंघोळ केली की त्रास वाढतो का? कधी एका डोळ्याने अंधुक दिसून डोळा दुखला होता का? अर्धशिशी आहे का?

अर्धशिशी कॉलेजपासून आहे. ती असणाऱ्यांच्या एमआरआयमध्ये असे बारीक पांढरे ठिपके बऱ्याचदा दिसतात, आणि वय, बीपी यांनीही दिसतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. "ताई, डाग किती आहेत यापेक्षा कुठे आहेत ते बघायचं," म्हणाले. एमएसचे डाग मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांना लागून, बाहेरच्या करड्या थराजवळ, ब्रेनस्टेममध्ये म्हणजे मेंदूच्या देठात, मणक्यातल्या मज्जारज्जूत अशा ठरावीक जागा धरतात. माझे या जागांपासून लांब, आत विखुरलेले होते. म्हणजे एमएस नाही ना? "आज तसं म्हणता येत नाही. कधीच होणार नाही, असंही लिहून देणार नाही." तेव्हा राग आला. आता वाटतं, इतकं सरळ तोवर कुणीच बोललं नव्हतं.

मानेचा एमआरआय आणि डोळ्यांची व्हीईपी (डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नीट पोचतो का ते बघणारी तपासणी) नॉर्मल आली. व्हीईपीत चौकटी उलटसुलट होणाऱ्या पडद्याकडे टक लावून बसायचं असतं, त्रास काही नाही. पाठीतलं पाणी काढण्याची तपासणी त्यांनी तूर्त टाळली. बी-१२ मात्र २०० च्या खाली निघालं. आम्ही माळकरी, मांस-अंडी नाहीत, वर मी ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत होते. बी-१२ कमी असलं तरी मुंग्या येतात, कंप जाणवणं कमी होतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि सहा महिन्यांनी पुन्हा त्याच मशीनवर एमआरआय ठरला. मशीन बदललं तर तुलना अवघड जाते, म्हणून पहिली सीडी कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवली.

ते सहा महिने सगळ्यात कठीण गेले. हातून खडू पडला तरी पोटात गोळा यायचा. मग वहीत तारीख घालून लिहायला लागले: काय झालं, कुठे, किती वेळ टिकलं, झोप किती झाली होती. मला स्वतःला त्याने धीर आला असं नाही, पण तपासणीच्या वेळी "अधूनमधून होतं" याऐवजी वही पुढे करता आली. गालाचा बधिरपणा डोकेदुखीच्या आगेमागेच येतो, हे डॉक्टरांना त्या वहीत दिसलं.

दुसऱ्या एमआरआयत डाग तेवढेच, नवीन एकही नाही. मुंग्या गुडघ्यावरून उतरल्या, तळपायात थोड्या उरल्यात. त्यांचं कारण बी-१२ हेच धरून चाललोय. डागांचं अर्धशिशीच असावं. 'असावं' इतकंच. पुढचा एमआरआय वर्षाने.

लग्नाकार्यात कुणी विचारलं तर "नसांचं औषध चालू आहे" म्हणते. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही ते आंबवलेल्या भाताचा उपाय सांगतात.