आजारी कुंड्या घेऊन या

बागेचे फोटो एकमेकांना पाठवणारे आम्ही वीसेक जण आहोत. कोणाकडे पिवळी डबल जास्वंद आहे, कोणाच्या गच्चीवर डेलिया फुललाय, हे सगळ्यांना पाठ. माणूस मात्र समोरून गेला तरी ओळखू येणार नाही. शिवाय फोटोत येतं ते फूल. मुळी दिसत नाही, मातीचा वास येत नाही, कुंडी उचलली तर किती जड लागते ते कळत नाही, आणि झाड बिघडलं की निदानाला नेमकं हेच लागतं. सगळ्यांना एकदा आमच्या अंगणात बोलवायचं, हे मी त्यासाठी ठरवलं.

तारखेवर बराच खल झाला. फांद्या लावायला पावसाळा उत्तम, पण कोल्हापूरच्या जुलैत अंगणात माणसं बसवायची कुठे? एप्रिल-मे म्हणजे भाजणारं ऊन आणि अचानक येणारा वळीव. जानेवारी सोयीचा वाटला. ऊन मऊ असतं, डेलिया आणि झेंडू बहरात असतात आणि संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस एकमेकांकडे जाण्याचेच. हळदीकुंकू मात्र मी जाणूनबुजून ठेवलं नाही. आमच्यातले निम्मे पुरुष, आणि उरलेल्यांतल्या काही जणींना त्या कार्यक्रमाला कोणी बोलवत नाही. झाडं लावणाऱ्या माणसांत असली वाटणी मला नको होती. वाण देण्याची रीत तेवढी घेतली : प्रत्येकाने एक झाड, फांदी किंवा बी द्यायचं आणि एक घेऊन जायचं.

वेळ दुपारी चारची. रविवारी कोल्हापुरात घरोघरी मटणाचा रस्सा असतो, त्याआधी कोणी उंबऱ्याबाहेर पडत नाही. संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो, म्हणजे उजेडात कामाचे दोन तास मिळणार. जेवण ठेवलं नाही ते बरंच झालं. भडंग, तिळगूळ आणि चहा, एवढ्यावर भागलं. गुऱ्हाळं सुरू होती, म्हणून एका काकांनी काकवीची बरणी आणली, ती बघता बघता संपली.

निमंत्रणात तीनच गोष्टी मागितल्या होत्या. वाणाचं झाड, घरची मूठभर माती, आणि सगळ्यात बिघडलेली एक कुंडी. या तिसऱ्या गोष्टीवरून फोन आले. “संक्रांतीचं कुणाच्या घरी मेलेलं झाड घेऊन जायचं व्हय?” असं एका मावशींनी विचारलं. मी त्यांना सांगितलं, मावशी, फुललेलं झाड बघून आम्ही नुसतं वा म्हणणार. बिघडलेलं आणलंत तर सगळे शिकतील. त्या सुकत चाललेलं लिंबू घेऊन आल्या.

आजारी कुंड्यांची जागा फाटकाशेजारी, वाणाच्या टेबलापासून शक्य तितकी लांब. हे फार गरजेचं आहे. पिठ्या ढेकूण ही पिठासारखी पांढरी कीड एका पानावरून दुसऱ्यावर चालत जाते, आणि भेट म्हणून नेलेल्या रोपाबरोबर रोग घरी न्यायचा नाही. खाली वर्तमानपत्रं, शेजारी पाण्याची बादली, साबण, आणि कात्री पुसायला स्पिरिट. आजारी कुंडीला हात लावला की हात धुतल्याशिवाय वाणाकडे जायचं नाही, एवढं मी दारातच सांगत होते.

आल्या आल्या प्रत्येकाकडून पहिलं काम करून घेतलं ते मातीचं. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, जोरात हलवायचं आणि कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने ठेवायचं. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. आमचं घर पाचगावच्या बाजूला, चढावर. आमच्या मातीतला मुरूम लगेच तळाला गेला आणि वरचं पाणी बऱ्यापैकी निवळलं. रमणमळ्यातून आलेल्या काकूंची काळी माती हलवल्यावर तशीच गढूळ राहिली. पन्हाळ्याहून आलेल्या दादांच्या बाटलीतलं पाणी विटकरी लाल. एकमेकांना बिचकणारी माणसं त्या भिंतीपाशी आपोआप बोलायला लागली. “आठवड्यातनं किती वेळा पाणी घालू?” हा प्रश्न कायम विचारला जातो, आणि त्याला एकच उत्तर का नाही, ते समोर दिसत होतं.

मग कुंड्या. अडेनियम म्हणजे जाड, फुगीर खोडाचं फुलझाड. त्याचं खोड बोटाने दाबलं तर मऊ लागत होतं. थंडीत हे झाड पानं गाळून विश्रांती घेतं. पानं गळाली म्हणून मालक घाबरून रोज पाणी घालत होते. आमच्यात एक मामा आहेत, आयुष्यभर रोपवाटिकेत काम केलेले. ते म्हणाले, “वरनं काय बघतायसा? काढा की भाईर!” झाड कुंडीतून काढलं. अर्धी मुळी तपकिरी, चिकट, कुजका वास. मामांनी पांढरा घट्ट भाग लागेपर्यंत छाटत नेलं, चाकू दर कापाला पुसत. छाटलेलं झाड चार-सहा दिवस सावलीत कोरडं करायचं आणि मग खडीवाळू जास्त असलेल्या मिश्रणात लावायचं, पाणी लगेच नाही. खोड हातात फिरवून प्रत्येकाने मऊ कुठे आणि घट्ट कुठे ते दाबून पाहिलं. शब्दांत ते मला कधीच सांगता आलं नसतं.

मावशींच्या लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर नत्राचा संशय. कोवळ्या पानांवर असं दिसलं की बहुतेक लोह कमी पडतंय. मातीत लोह नसतंच असं नाही. चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी असलं की ते मुळांना घेता येत नाही. मावशी बोअरचंच पाणी घालत होत्या. शेणखत वाढवा, पावसाचं पाणी साठवता आलं तर ते घाला, आणि लोहाची फवारणी, असं ठरलं. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब. खोडावरून चढणाऱ्या मुंग्या मात्र आधी थांबवायच्या. त्या ढेकणाच्या गोड स्रावासाठी त्याला सांभाळतात, आणि मुंग्या राहिल्या की फवारणी वाया जाते.

वाणाच्या प्रत्येक रोपाला चिठ्ठी होती : नाव, किती ऊन, कोणाकडून आलं. हे तिसरं मी आग्रहाने लिहायला लावलं होतं. रमणमळ्याच्या काकू टेबलापाशी एक चिठ्ठी हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. काकड्याचं, म्हणजे पांढऱ्या फुलांच्या जाईच्या जातीतल्या झाडाचं रोप होतं, दोन कळ्या आलेल्या. चिठ्ठीवर त्यांच्याच सासूबाईंचं नाव. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी त्यांच्या अंगणात दिवसचे दिवस उभं होतं. ओसरलं तेव्हा मातीवर गाळाचा थर, हवा न मिळून मुळ्या कुजलेल्या, आणि सासूबाईंनी लावलेला काकडाही गेला. त्याआधी कधीतरी त्यांनी एका ओळखीच्या ताईंना फांदी दिली होती, त्या ताईंनी ती पुढे दिली, आणि ती देणाऱ्याचं नाव जपत तिसऱ्या घरातून इथवर आली होती. काकू ते रोप घेऊन गेल्या. चिठ्ठीसकट.

चिठ्ठी नसती तर तो नुसता काकडा असता. झाड वाटून ठेवणं ही आमच्यासारख्या पुराच्या गावात बियाणं राखण्याइतकीच गंभीर गोष्ट आहे, असं मला मनापासून वाटतं. नदीकाठच्या माणसाने आपल्या जुन्या झाडाची फांदी चढावरच्या एखाद्या घरी लावून ठेवावी. जागा हवी असेल तर आमच्याकडे आहे.

पुढची भेट राजारामपुरीत, मावशींच्या गच्चीवर, जूनचा पाऊस नीट धरला की. त्या वेळी फांद्यांचं काम : पेन्सिलीच्या जाडीची, सहा ते आठ इंचांची, खालचा काप तिरका, निदान दोन डोळे (जिथून फूट येते त्या गाठी) मातीत. लिंबाची नवी पानं कशी आलीत ते तिथेच बघू. मामांनी अडेनियमच्या मालकांनाही झाड घेऊन यायला बजावलंय, जगलं तरी आणि मेलं तरी.