बाळाच्या लिव्हरची इलास्टोग्राफी: माझा अनुभव

बाळ दीड महिन्याचं होत आलं तरी डोळ्यांतला पिवळेपणा जाईना. कोवळ्या उन्हात धर, उतरेल, असं सगळे सांगत होते. पण शी पांढुरकी होत होती आणि लघवीचे पिवळे डाग लंगोटाला पडत होते. बालरोगतज्ज्ञांनी शीचा फोटो पाहिला आणि त्याच दिवशी रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन (लिव्हरमधून पित्तात जाणारं पिवळं द्रव्य) तपासायला लावलं. ते वाढलेलं निघालं. म्हणजे पित्त अडत होतं, आणि अशी कावीळ उन्हाने उतरत नाही.

शंका बिलिअरी अ‍ॅट्रेशियाची होती. यात लिव्हरबाहेरच्या पित्तनलिका बंद होतात. जपानी सर्जन मोरिओ कसाई यांच्या नावाचं ऑपरेशन करून आतडं थेट लिव्हरला जोडतात, आणि ते ६० दिवसांच्या आत झालं तर यशाची शक्यता जास्त. त्यामुळे एकेक दिवस मोलाचा होता.

सोनोग्राफी आणि लिव्हरचा कडकपणा मोजणारी इलास्टोग्राफी ठरली. त्याआधी चार तास दूध बंद. मला सगळ्यात जड गेलं ते हेच. पण पोटात दूध असलं तर पित्ताशय आकसतं आणि कडकपणाचे आकडेही बदलतात, म्हणून इलाज नव्हता. सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

इलास्टोग्राफी त्याच टेबलावर, सोनोग्राफीच्याच प्रोबने (पोटावर टेकवतात त्या उपकरणाने) झाली. प्रोबमधून गेलेला ध्वनीचा जोर लिव्हरला किंचित हलवतो, त्यातून आडव्या लहरी निघतात. लिव्हर जितकं कडक, तितक्या त्या वेगाने पळतात. त्या वेगावरून कडकपणाचा आकडा किलोपास्कल या एककात मिळतो. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. मात्र बाळ रडलं की आकडे भरवशाचे राहत नाहीत. डॉक्टर थांबत, मी थोपटायचे, बाळ शांत झालं की पुन्हा मोजणी. अशा बऱ्याच मोजण्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा, त्यांनी धरला.

पित्ताशय अगदी लहान, वेडंवाकडं दिसलं आणि लिव्हरही वयाच्या मानाने कडक निघालं. तरी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ‘पित्त दुसऱ्या कारणाने अडलं तरी लिव्हर कडक होऊ शकतं. एवढ्यावर निदान पक्कं करणार नाही.’ खात्री ऑपरेशनच्या टेबलावर, पित्ताशयात एक्स-रेत दिसणारा डाय सोडून झाली, आणि कसाई ऑपरेशन तिथेच केलं. डॉक्टरांचा तो खुलासा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण हातात आकडा आला की आपण त्यालाच निकाल समजतो.

आता शीला रंग आहे. लिव्हरवर लक्ष ठेवायला इलास्टोग्राफी अधूनमधून होते, दरवेळी त्याच मशीनवर, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे सरळ जुळत नाहीत. मशीनचं नाव रिपोर्टवर लिहून घ्या.