पाच घोड्यांचं रोजचं आवरायला किती वेळ लागतो: पाडव्यापासूनची नोंद

पाडव्याला तबेल्याच्या खांबाला एक वही अडकवली आणि तिला सुतळीनं पेन बांधलं. तेव्हापासून कामाला हात घातला की वेळ लिहायची, हात धुतला की वेळ लिहायची, असं सकाळ-संध्याकाळ चालू आहे. मला सव्वानऊला ऑफिससाठी साताऱ्याला निघावं लागतं. आबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे आता पूर्वीसारखी साथ देत नाहीत. आणि पाचजणांचं आवरताना रोज कुठंतरी अर्धा-पाऊण तास गळून जात होता. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते मला आकड्यांत बघायचं होतं.

ज्यांना आमचा पसारा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिंबजवळ कृष्णेकाठी आमचं शेत आहे, तिथंच तबेला. राणी सगळ्यांत म्हातारी, १९ वर्षांची, भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या घोड्यांच्या वळणाची, बुटकी आणि काटक. बिजली आणि तिचं दीड वर्षाचं शिंगरू चांदणी. पवन हा खस्सी केलेला घोडा आणि बाजी हे तट्टू. सवारी पवन आणि बिजलीची, बाकीचे हौसेचे आणि मायेचे. पगारी माणूस नाही. सकाळी मी आणि आबा, संध्याकाळी मी आणि नवरा.

पहिले तीन आठवडे काहीही बदललं नाही, फक्त मोजलं. सकाळची सरासरी निघाली १५५ मिनिटं, म्हणजे दोन तास पस्तीस. त्यात वैरण आणि चंदी (दाण्याचा खुराक) १२, पाणी २८, लीद काढणं ४८, खरारा (अंग घासणं) ३५, खूर साफ करणं १५ आणि शेवटची झाडलोट १७. संध्याकाळी ८० मिनिटं. दिवसाचे जवळजवळ चार तास.

मला वाटायचं खराऱ्यात वेळ जातो, कारण तिथं आबा रमतात. तसं काही नव्हतं. एका घोड्याला सात मिनिटं हे फार नाही, आणि अंगावरून हात फिरतो तेव्हाच गोचीड, गाठ, खोगिराखाली उष्ण लागणारी जागा हे सगळं सापडतं. वेळ जात होता तो चालण्यात. हौदापासून तबेला चाळीस पावलं. उन्हाळ्यात एक घोडं दिवसाला तीस-पस्तीस लिटर पाणी सहज पितं. पंधरा लिटरच्या बादलीनं पाचजणांच्या दहा-अकरा खेपा, त्यातल्या बहुतेक सकाळीच. लिदीचंही तेच. डोक्यावर पाटी, उकिरडा साठ पावलांवर, नऊ खेपा. जाऊन येऊन हजारावर पावलं होतात, आणि त्यातली अर्धी रिकाम्या पाटीची.

लिदीचं आधी सुटलं. एकचाकी ढकलगाडी घेतली, नवाच्या तीन खेपा झाल्या. उकिरडा तबेल्याला चिकटवायचा मोह मी आवरला, कारण माश्या. तो तीस पावलांवर आणला आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवला. दुसरा फरक अंथरणाचा. आमच्याकडे ऊस आहे त्यामुळे पाचट फुकट, म्हणून पूर्वीपासून पाचटच टाकायचो. पण पाचट लांब असतं, लीद त्यात गुंतते, दाताळ्यानं ओढलं की चांगलं अंथरूणही सोबत येतं. शिवाय राणी रात्री पाचट चघळायची आणि आबांना त्याची धास्ती होती. वखारीतून लाकडाचा भुसा आणला, चाळून धूळ काढली आणि तीन ठाणांत तो टाकला. भुशात लीद वरच राहते, दाताळ्यानं उचलायची, मुताची ओली जागा तेवढी खणून काढायची आणि तिथं चिमूटभर चुना मारायचा. ४८ चे ३३ झाले. एकदा सगळं गोणीत भरून काट्यावर टाकलं. ओल्या भुशासकट पाचजणांचं दिवसाचं ओझं ७० किलोच्या आसपास भरलं. डोक्यावरून एवढं वाहत होतो आपण, असं वाटलं.

वैरणीत फार काही करण्यासारखं नव्हतं. तोबरे, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशव्या, आदल्या रात्री भरून ठेवते, १२ चे ८ झाले. राणीचं वजन छातीच्या फितीनं ३२० किलो येतं. वजनाच्या दोन टक्के धरले तर तिला दिवसाला साडेसहा किलो कोरडी वैरण, ती चार वेळा विभागून. घोड्याचं पोट लहान असतं, त्याला सारखं थोडंथोडं लागतं. कडबा माण तालुक्याकडून येतो, डोंगरी गवत गावातून. गवत कुसळं धरण्याआधी कापलेलं आहे का हे बघूनच घ्या, एकदा कुसळ हिरडीत घुसलं की वाचवलेली सगळी मिनिटं तिथंच जातात. आणि गायीला चालतं म्हणून उसाचं वाढं किंवा नेपियर गवत घोड्याला रोज घालू नका. त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य घोड्याच्या अंगी कॅल्शियम लागू देत नाही आणि कालांतरानं हाडं खराब होतात. आमच्या भागात वाढं इतकं सहज मिळतं की ही चूक अगदी जाणत्या घरातही होते.

आता पाण्याचं. हे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण इथं मी चुकले.

एप्रिलच्या मध्यात हौदापासून काळी नळी टाकली, प्रत्येक ठाणात अर्धा कापलेला पिंप बसवला आणि कॉक दिला. २८ मिनिटांची ९ मिनिटं. मी इतकी खूश होते की वहीत त्या आकड्याभोवती दोनदा गोल काढला. नळी जमिनीवरून, उन्हातून गेलेली होती, आणि राणीचं ठाण सगळ्यांत शेवटी.

अक्षय्यतृतीया होऊन आठवडा झाला असेल. पहाटे पावणेसहाला राणीच्या ठाणात दाताळं घातलं. रात्रीतून तिचे पाच किंवा सहा ढीग असतात, तेवढे उचलायची हाताला सवय. त्या दिवशी दोनच. गोळे लहान, कडक, वर पांढरट बुळबुळीत थर. तोबऱ्यातली चंदी तशीच. ती मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती आणि पुढच्या डाव्या पायानं जमीन उकरत होती, सावकाश, दोनदा, मग थांबून पुन्हा. आबांनी जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजली. तिची एरवी छत्तीस असते, ती छप्पन्न निघाली.

डॉक्टर सातला आले. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात काय साठलंय ते बघायला नाकातूनच नळी घालावी लागते. नळीतून लिक्विड पॅराफिन आणि क्षाराचं पाणी दिलं, दुखायचं कमी व्हायला इंजेक्शन दिलं. आतड्यात मळ अडकला होता. ऑफिसला फोन करून रजा टाकली. तिला फिरवायचं, थांबवायचं, पोटाला कान लावायचा. दुपारी तीनला तिनं लीद टाकली तेव्हा आबा तिच्या गळ्यात हात टाकून कितीतरी वेळ तसेच उभे होते.

नंतर मी तिच्या पिंपात हात घातला. अंघोळीला चालेल इतकं गरम पाणी. काळ्या नळीत दुपारभर तापलेलं पाणी पिंपात यायचं, राणी तोंड लावून मागं सरायची, आणि मला ते कळायला मार्गच उरला नव्हता. बादल्या वाहत होते तेव्हा राणी किती प्यायली हे मला न मोजता माहीत असायचं, उरलेली बादली परत उचलावी लागायची ना. कॉक सुरू केल्यापासून पिंप कायम भरलेला दिसायचा. १९ मिनिटं वाचवताना मी तिच्या पाण्यावरची नजर काढून घेतली होती.

नळी काढली नाही. ती वीतभर खाली मातीत पुरली, पिंपांवर ओलं गोणपाट बांधलं, आणि दुपारी एकदा आबा नळीतलं तापलेलं पाणी झाडांना सोडून मग पिंप भरतात. राणीचा पिंप मात्र बंद. तिला सकाळ-संध्याकाळ बादलीनंच, बादलीला आतून लाल रंगाच्या खुणा. त्याची तीन मिनिटं वाढली, ती धरून पाण्याची आता १२ मिनिटं. लीद उचलताना प्रत्येक ठाणाचे ढीग मोजून वहीत लिहिते, त्याला वेगळा वेळ लागत नाही. तुमच्याकडे मोठा तबेला असेल आणि लीद काढायला माणूस असेल तर त्याला ढीग मोजायला सांगा, आणि वेगळं काही दिसलं तर फेकायच्या आधी हाक मारायला सांगा.

मे महिन्यात एक उपयोगाची गोष्ट घडली. पवन आणि बाजी दहा दिवस वाईला दिरांच्या शेतावर गेले. तोवर माझी सकाळ ११५ मिनिटांवर स्थिरावली होती: वैरण ८, पाणी १२, लीद ३३, खरारा ३५, खूर १७, झाडलोट १०. तीन घोड्यांना ६९ लागतील असा मी हिशेब धरला होता. लागली ८५. पहिल्यांदा वाटलं मी रेंगाळतेय, पण दहाही दिवस आकडा तिथंच राहिला. मग कागदावर मांडलं. दोन घोडी कमी झाली तर तीस मिनिटं कमी, म्हणजे घोड्यामागं पंधरा. पाचांचे पंचाहत्तर, उरले चाळीस. हे चाळीस कितीही घोडी असली तरी लागणारच: दिवे लावणं, अवजारं काढणं, ढकलगाडी धुणं, वाट झाडणं, वैरणीची खोली उघडून झाकणं. एकच घोडं असतं तरी सकाळ ५५ मिनिटांची झाली असती. दुसरं घोडं घेऊ का असं विचारणाऱ्यांना मी हाच हिशेब सांगते, की दुसऱ्याची पंधरा मिनिटं आहेत, पण आजाराचा दिवस आणि नालबंदाची अर्धी सकाळ त्यात धरलेली नाही.

चांदणीच्या खुरांच्या कामात मात्र प्रगती छान आहे. पाडव्याला तिचे चार पाय उचलायला फार वेळ लागायचा, त्यातला बहुतेक तिची समजूत काढण्यात. आम्ही एकच नेम केला. पाय ओढून घेतला तरी सोडायचा नाही, आणि तिनं सैल सोडला की त्याच क्षणी आपण सोडायचा. मागचा उजवा पाय सगळ्यांत अवघड होता. आता चारही पाय पाच मिनिटांत होतात आणि ती उभ्या उभ्या माझ्या खिशात गूळ शोधते. पुढच्या खेपेला नालबंदाकडून तिचे खूर पहिल्यांदा छाटून घ्यायचे आहेत.

माउलींची पालखी जिल्ह्यात आली तेव्हा आबा दरवर्षीप्रमाणे तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला गेले. ते चुकवणं त्यांच्या रक्तात नाही. त्या दिवशी सगळं एकटीनं केलं, १४० मिनिटं लागली. म्हणजे आबांचा हात माझी पंचवीसच मिनिटं वाचवतो, असं कुणी म्हणेल. पण ते नव्हते त्या दिवशी बाजीच्या पोटाखालची गोचीड माझ्या नजरेतून सुटली, ती संध्याकाळी त्यांनीच काढली.

आणि आता पाऊस. जून संपेपर्यंत सकाळ पुन्हा १४० वर गेली आहे, दोघं असताना. सगळं खुरांवर आणि दारातल्या चिखलावर गेलंय. खुराच्या तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत ओल धरली की काळं, घाण वासाचं सडणं सुरू होतं. पवनला मागच्या दोन्ही पायांत ते दिसलं. आता खूर नुसते उकरून भागत नाही. धुवायचे, फडक्यानं खाच कोरडी करायची, औषधाचा बोळा लावायचा. १७ ची ३२ झाली. यात काटछाट करायचा माझा विचार नाही. दारातला चिखल मात्र सुटण्यासारखा आहे. तिथं पाणी साचतं, पाचही घोडी तिथंच उभी राहतात आणि झाडलोटीत रोज दहा मिनिटं जास्त जातात. चर खणून पाणी शेताकडे काढायचं, खाली खडी आणि वर मुरूम टाकायचा. एक ट्रॉली मुरूम सांगून ठेवलाय, उघडीप मिळाली की येईल. टाकल्यानंतरच्या दोन आठवड्यांचे आकडे पुढच्या नोंदीत देते.

काल रात्री राणीच्या बादलीत पाणी खालच्या खुणेच्याही दोन बोटं खाली होतं. आज सकाळी सहा ढीग.