लाइन फॉलोअर वळणावर का मरतो

लाइन फॉलोअर म्हणजे जमिनीवरची काळी रेघ पकडून आपोआप चालणारा छोटा रोबोट. सरळ पट्टीवर हा बॉट छान धावतो, वळण आलं की क्षणभर थबकतो, बोर्डावरचा एलईडी लुकलुकतो आणि प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. मग ग्रुपमधलं कोणीतरी लॅपटॉप उघडून कोड तपासायला बसतं. कोड बिचारा ठीक असतो. वळणावर एक मोटर थांबते, कधी उलटी फिरते, त्या क्षणी करंटची उसळी येते, बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो आणि कंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारा बोर्ड, रिसेट होतो. म्हणून बांधायला सुरुवात पॉवरपासून करावी. मग मोटर, त्यानंतर सेन्सर आणि पीआयडी (रेघेपासून किती चुकलो त्यावरून मोटरचा वेग सुधारणारं गणित) सगळ्यात शेवटी.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी या कामाची नाही. तिचा अंतर्गत रोध एक-दोन ओहम असतो. पिवळ्या बीओ मोटरचं (प्लास्टिकच्या गिअरची छोटी मोटर) चाक अडकलं किंवा ती सुरू होत असली तर एकेक मोटर अँपिअरभर करंट मागते. दोन मोटर एकदम सुरू झाल्या की बॅटरीच्या आतच दोन-चार व्होल्ट जातात. १८६५० चे (रिचार्ज होणारे लिथियम-आयन) दोन सेल सिरीजमध्ये घ्या. पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट मिळतात, ६.४ पर्यंत उतरले की थांबायचं, फार खाली नेले तर सेल खराब होतात.

आता ड्रायव्हर, म्हणजे कंट्रोलरच्या हुकमावर मोटरला करंट देणारा बोर्ड. एल२९८एन सगळ्या लॅबमध्ये पडलेला असतो म्हणून तोच वापरला जातो. पण तो जुन्या बायपोलर ट्रान्झिस्टरचा आहे, एका अँपिअरला साधारण दोन व्होल्ट स्वतःच खातो आणि तापतो. पेन्सिल सेल चार लावले तर सहातले चारच व्होल्ट मोटरपर्यंत पोचतात आणि ‘मोटरमध्ये दम नाही’ अशी तक्रार सुरू होते. लहान बॉटला टीबी६६१२ बरा. तो मॉसफेट ट्रान्झिस्टरवर चालतो, प्रत्येक चॅनेलला सलग १.२ अँपिअर देतो आणि व्होल्टेज फारसा खात नाही. त्याची एक खोड मात्र लक्षात ठेवा: स्टँडबाय पिन ५ व्होल्टला जोडली नाही तर मोटर हलतसुद्धा नाही. ‘ड्रायव्हर जळला’ म्हणून बाजूला ठेवलेले कितीतरी टीबी६६१२ प्रत्यक्षात धडधाकट असतात.

कंट्रोलर म्हणून वापरायच्या आर्डुइनो उनो बोर्डाच्या व्हीआयएन (बॅटरी जोडायच्या) पिनला किमान ७ व्होल्ट लागतात. लोडखाली दोन सेल त्याखाली सहज जातात. त्यामुळे छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारं मॉड्यूल) लावून त्याचे ५ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या पिनला द्यावेत. जोडण्याआधी मल्टीमीटर लावून आउटपुट ५.० वर आणा. नवीन मॉड्यूलचा स्क्रू कुठेही फिरवलेला असतो, बरेचदा बॅटरीचाच व्होल्टेज जसाच्या तसा बाहेर येतो, आणि स्क्रूचे दहा-बारा वेढे होईपर्यंत आकडा हलतही नाही. घाईत जोडलं की बोर्ड गेला. यूएसबी लावताना बॅटरीचा स्विच बंद ठेवायचा.

बॅटरीच्या दोन टोकांत, ड्रायव्हरजवळ, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर; प्रत्येक मोटरच्या दोन टर्मिनलवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, थेट सोल्डर केलेला. बॅटरी, ड्रायव्हर आणि कंट्रोलर यांचा ग्राउंड एकच हवा. मोटरचा करंट ब्रेडबोर्डमधून नेऊ नका, तिथल्या पट्ट्या त्यासाठी नाहीत. शिवाय काही ब्रेडबोर्डची पॉवर रेल मधोमध तुटलेली असते; अर्ध्या सेन्सरना पुरवठाच नाही, हे दोन तासांनी कळतं. एकदा सर्किट चाललं की झिरो पीसीबीवर (भोकांच्या, सोल्डर करायच्या बोर्डावर) उतरवा. सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंश सेल्सिअस, आणि कथील टोकावर वितळवून आणण्याऐवजी पॅड तापवून पॅडवरच वितळवा.

रेघ ओळखणारे इन्फ्रारेड सेन्सर पाच पुरतात; प्रत्येकात एक इन्फ्रारेड एलईडी आणि परतलेला प्रकाश मोजणारा भाग असतो. सेन्सर आणि ट्रॅक यांत ३ मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवा. टीसीआरटी५००० या नेहमीच्या सेन्सरला २.५ मिलिमीटरवर सर्वांत जोरदार सिग्नल मिळतो. पुढचं कॅस्टर चाक बदललं की हे अंतर बदलतं, मग सगळे आकडे पुन्हा घ्यावे लागतात. सेन्सरचा एलईडी लागला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, फोनच्या कॅमेऱ्यातून बघा. मागच्या कॅमेऱ्यात फिल्टर असेल तर पुढच्यात जांभळट ठिपका दिसेल.

एक गंमत ऐका. डोळ्यांना काळी दिसणारी रेघ इन्फ्रारेडला काळी असेलच असं नाही. काही शाया इन्फ्रारेड शोषतच नाहीत, त्यामुळे छापलेल्या ट्रॅकवर बॉटला रेघ दिसतच नाही. लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये कार्बन असतो, तो चालतो. इलेक्ट्रिकची काळी टेप चालते, पण तिच्या चकाकीवर तिरपा प्रकाश पडला की रीडिंग पांढऱ्यासारखं येतं. खिडकीतलं ऊनही तेच करतं. एलईडी बंद ठेवून एक रीडिंग, चालू ठेवून दुसरं, आणि दोन्हींतला फरक वापरला की उन्हाचा त्रास बराच कमी होतो.

सुरू होताना पाच सेकंद बॉट रेघेवर डावी-उजवीकडे फिरवून प्रत्येक सेन्सरचं किमान-कमाल टिपा आणि ० ते १००० मध्ये बसवा. मग पाच सेन्सरना ०, १०००, २०००, ३०००, ४००० अशी वजनं देऊन सरासरी काढली की रेघेची जागा मिळते, मधोमध २०००. इथे हमखास होणारी चूक: उनोवर इंट (पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) १६ बिटचा आहे, ३२,७६७ च्या पुढे तो उलटतो. ४००० गुणिले १००० म्हणजे चाळीस लाख. बॉट कारण नसताना झटके देत असेल तर गुणाकार आणि बेरीज लाँगमध्ये (३२ बिटच्या प्रकारात) आहे का ते आधी पाहा. रेघ पूर्ण सुटली की सरासरीच्या भागाकाराला अर्थ राहत नाही. तेव्हा शेवटची जागा २००० पेक्षा कमी होती तर ० धरा, नाहीतर ४०००.

ट्यूनिंगला पीआयडीतले पी आणि डी पुरे, आय शून्यच ठेवा. केपी हा चुकीच्या मापाला गुणणारा आकडा, केडी हा चूक किती वेगाने बदलते त्याला गुणणारा. बेस स्पीड ८० ठेवा, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या ० ते २५५ च्या पीडब्ल्यूएम आकड्यात ८०. त्याआधी मोटर किती पीडब्ल्यूएमला खरोखर फिरायला लागते ते बघा. त्याखाली ती नुसती गुणगुणते. केपी ०.०५ पासून वाढवत जा, बॉट नागमोडी डुलू लागला की थोडं मागे या, मग केपीच्या दहापट केडी देऊन डुलणं मरतं का पाहा. मग स्पीड वाढवा आणि केडी परत बघा. लूपमध्ये (प्रोग्रामच्या सतत फिरणाऱ्या भागात) सिरियल प्रिंट, म्हणजे लॅपटॉपला आकडे पाठवणं, ठेवून ट्यूनिंग करू नका: ९६०० बॉडच्या वेगाला एक अक्षर म्हणजे एक मिलिसेकंद, वीस अक्षरांची ओळ वीस मिलिसेकंद. प्रिंट काढल्यावर लूप एकदम वेगवान होतो आणि आधीचा केडी निरुपयोगी ठरतो.

बॅटरी उतरली की तेच आकडे ढिले पडतात, कारण त्याच पीडब्ल्यूएमला मोटर हळू फिरते. ८.२ व्होल्टवर ट्यून केलेला बॉट ७.२ वर मोठ्या वळणातून बाहेर जातो. यावर सोपा उपाय आहे: बॅटरीवर दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, मधला बिंदू उनोच्या ए५ या व्होल्टेज मोजणाऱ्या पिनला न्या. ८.४ चे ४.२ होतात, पिनला धोका नाही. मग प्रत्येक लूपमध्ये मोटरला द्यायचा आकडा ट्यूनिंगच्या वेळचा व्होल्टेज भागिले आत्ताचा व्होल्टेज याने गुणा आणि २५५ वर कापा. पाच-दहा रीडिंगची सरासरी घ्या, नाहीतर मोटरचाच खळखळाट या आकड्यात शिरतो.