ए-वनच्या आधी: मोकळा लॅप सापडला, कूपर वेबचं कोडं निम्मं सुटलं

मंडळी, मोकळा लॅप सापडला एकदाचा. नव्यांसाठी एका ओळीत: सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममधल्या मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकलींची शर्यत, लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी, ए-वन म्हणजे अॅनाहाइमला होणारी अमेरिकन सीझनची पहिली रात्र, आणि शीट म्हणजे लॅप टाइमवरून रायडरांचा फॉर्म काढायला मी बनवलेली स्प्रेडशीट. मागच्या अपडेटमध्ये जिथं शीट बंद करून झोपलो होतो तिथूनच पुढं सांगतो. फॉर्म काढायचा तर लॅप टाइम बघायचे हे ठरलेलं होतं, पण ट्रॅफिकमध्ये अडकून काढलेला लॅप आणि पुढं कोणी नसताना मारलेला लॅप एका मापानं मोजला की सगळा हिशोब बोंबलतो. होलशॉट मारला, म्हणजे स्टार्टनंतर पहिल्या वळणावर पहिला आला, त्याला मोकळा ट्रॅक, मोकळ्या ट्रॅकमुळं लॅप भारी, लॅप भारी म्हणून शीटमध्ये फॉर्म वर. म्हणजे फॉर्म म्हणून जो आकडा समोर येतो त्यात निम्मा नुसता स्टार्ट असतो. चौदाव्या नंबरवरून सहाव्यावर आलेला गडी मात्र शीटमध्ये मंद दिसतो, कारण बिचाऱ्याचे दहा लॅप दुसऱ्याची माती खाण्यात गेलेले.

ट्रॅफिकचे लॅप बाजूला काढायचे एवढंच काम आहे, पण या एवढ्याशा कामानं अख्खा डिसेंबर खाल्ला. सोपा उपाय सगळ्यांना सुचतो तोच, लॅप चार्टवर बघायचं कोण कितव्या नंबरवर आहे, वरच्या नंबरवाल्याशी गॅप काढायचा, गॅप दीड सेकंदाच्या आत असला की तो लॅप अडकलेला. पहिल्या सात-आठ लॅपपर्यंत हे मस्त चालतं. मग लॅपर, म्हणजे अख्खा लॅप मागं पडत चाललेले गडी, वाटेत येतात आणि सगळं कोसळतं. समजा लीडर ५० सेकंदांनी फिरतोय आणि मागचा एकजण लॅपमागं ३ सेकंद हरतोय, तर सतराव्या लॅपच्या आसपास लीडर त्याच्या मागच्या चाकाला येऊन चिकटतो. निळा झेंडा दाखवतात, पण रिदम सेक्शनमध्ये, सलग उड्यांच्या टप्प्यात, हवेत असलेला माणूस बाजूला होणार कुठं? लीडर तिथं सेकंदभर घालवतो. माझ्या शीटला यातलं काहीच दिसत नाही, कारण तिच्या हिशोबानं लीडरच्या पुढं कोणीच नाही, लॅप मोकळा, आणि तरी टाइम पडलाय म्हणजे गडी दमला! शेवटच्या पाच लॅपमध्ये प्रत्येक लीडर दमलेला दाखवायची शीट. रॉक्झन दमला, टोमॅक दमला, सगळेच दमले.

सुटलं ते असं. नंबर, लॅप, पोझिशन हे सगळं विसरायचं. प्रत्येक रायडरचे लॅप टाइम एकावर एक मिळवत गेलं की तो फिनिश लाइनवरून घड्याळात नेमका कधी गेला ते मिळतं. आता सगळ्या रायडरांची सगळी क्रॉसिंग एकाच लांबलचक कॉलममध्ये ओतायची आणि घड्याळाप्रमाणं सॉर्ट मारायचा. बास. तुमच्या वरच्या ओळीत जो आहे तोच खरोखर तुमच्या पुढं होता, मग तो दुसऱ्या नंबरवाला असो नाहीतर दोन लॅप मागं पडलेला असो. २२ रायडर, ५० सेकंदांचा लॅप धरला तर २० मिनिटं अधिक एक लॅप म्हणजे साधारण २५ लॅप, पाचशेच्या वर ओळी होतात एका मेनच्या, म्हणजे रात्रीच्या मुख्य शर्यतीच्या. सॉर्ट झाल्यावर जेव्हा लीडरच्या वर एका मागच्या गड्याचा नंबर दिसला, गॅप ०.८, आणि बरोबर तोच लॅप सेकंदानं पडलेला, तेव्हा मी एकटाच खुर्चीतून उठलो. आमचा टॉवेल कारखानावाला दोस्त शेजारी चहा पीत बसलेला, तो म्हणाला, "काय बे, लॉटरी लागली काय?"

यात एक मेख आहे, पहिला लॅप. त्याची वेळ गेट पडल्यापासून धरतात आणि स्टार्ट स्ट्रेट, म्हणजे सुरुवातीचा सरळ पट्टा, वेगळा असल्यामुळं त्याची लांबी बाकीच्या लॅपशी जुळत नाही, म्हणून वेगाच्या हिशोबात तो बाद. पण घड्याळ जुळवायला तोच लागतो, तो उडवला की सगळी बेरीज हवेत. त्यामुळं तो कॉलम आता करड्या रंगात ठेवलाय, मीडियनमध्ये (क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यात) घ्यायचा नाही, बेरजेत घ्यायचा.

पीडीएफबद्दल थोडं बोलू द्या, नाहीतर झोप लागायची नाही. टायमिंगच्या पीडीएफमधून टेबल काढायला जे फुकटचे ऑनलाइन कन्व्हर्टर आहेत ते दोन कॉलमच्या पानावर हमखास शेण खातात, डावीकडच्या रायडरचा बारावा लॅप उजवीकडच्याला चिकटतो. पैसे भरून घेतलेला एक बघितला, तोही तसलाच, फक्त चुका जास्त सुबक मांडतो. आणि डेटोना! तिथला लॅप मिनिटाच्या वर जातो, त्यामुळं आकडा कोलनसकट येतो, बाकी स्टेडियममध्ये बहुतेक नुसते सेकंद. शीट एकाला वेळ समजते आणि दुसऱ्याला संख्या, मग डेटोनाला सगळे रायडर शून्य सेकंदात लॅप मारून मोकळे. आता मी सगळं आधी नोटपॅडमध्ये टाकतो, कोलनच्या आधीचा आकडा साठनं गुणून सेकंदात मिळवतो, मगच शीटमध्ये. जुनाट पद्धत आहे पण दगा देत नाही. मोबाईलवर शीट बनवणाऱ्यांना माझा नमस्कार, माझ्याच्यानं होत नाही, बोटं जाड आहेत.

आता दीड सेकंद की दोन? यावर कोल्हापूरच्या अण्णांशी बरीच चर्चा झाली. दोन धरलं तर मधल्या फळीतल्या रायडरांकडं मोकळे लॅप उरतच नाहीत, सातव्या ते बाराव्या नंबरवाले रात्रभर एकमेकांच्या खिशात असतात. एक धरलं तर अडकलेले लॅप आत शिरतात. सध्या दीडवर थांबलोय, लॅपच्या सुरुवातीला आणि शेवटाला दोन्हीकडं गॅप दीडच्या वर असला तरच मोकळा, आणि शेजारी मोकळे लॅप किती ते लिहायचं. चार लॅपवर काढलेला मीडियन आणि अठरा लॅपवरचा मीडियन एकाच रंगात दाखवायचा नाही, हे अण्णांचं म्हणणं मला पटलं. दुसरी भानगड म्हणजे आठ सेकंदांची आघाडी घेतलेला माणूस गॅस सोडून फिरतो, त्याचा मोकळा लॅप मोकळा असतो पण पूर्ण ताकदीचा नसतो. म्हणून मोकळ्या लॅपांतले वरचे निम्मेच घेतो, त्यांचा मीडियन, आणि त्या रात्रीच्या सगळ्यात वेगवान माणसापेक्षा किती टक्के मागं ते. लीडर ५०.० आणि आपला ५०.६ तर १.२ टक्के. टक्क्यात आणलं की अॅनाहाइम आणि डेटोना शेजारी ठेवता येतात.

एवढं सगळं करून वेबचं काय झालं? जुन्यांना माहितीय, माझी प्रत्येक शीट कूपर वेबवर येऊन आपटते. क्वालिफाइंगचा टाइम घ्या, तो खाली. एका लॅपचा वेग घ्या, तो खाली. आणि टायटल बघा, २०१९, २०२१, २०२५. मोकळ्या लॅपानं तो वर सरकला, पण पहिल्या नंबरवर काही आला नाही, तिथं सेक्स्टनच बसतो. २०२५ मध्ये सेक्स्टननं वेबपेक्षा जास्त मेन जिंकल्या, शेवटच्या सॉल्ट लेकलाही सेक्स्टन पहिला आणि वेब दुसरा, आणि तरी टायटल गेलं वेबकडं, २ पॉइंटनं. १७ राउंड आणि फरक २ पॉइंटचा!

मी हे कुरकुरत बसलेलो तेव्हा तो टॉवेलवाला दोस्तच म्हणाला, आमच्याकडं नवा माग घेणारा आधी स्पीड विचारतो, आणि जुना मालक विचारतो दिवसात धागा किती वेळा तुटतो. स्पीड कितीही असू दे, धागा तुटला की माग उभा, कामगार येणार, गाठ मारणार, परत चालू करणार, संध्याकाळी मीटर मोजले तर शेजारचा सावकाश चालणारा माग पुढं. त्याला सुपरक्रॉसमधलं ओ का ठो कळत नाही, पण त्याच रात्री मी नवा कॉलम टाकला, नाव दिलं "तुटलेले लॅप". रायडरच्या स्वतःच्या मीडियनपेक्षा ४ टक्क्यांनी वाईट असलेला कुठलाही लॅप, पहिला सोडून. पडला असेल, वूप्समध्ये (सलग छोट्या उंचवट्यांच्या रांगेत) बाजूला गेला असेल, ट्रिपल उडी चुकून डबल मारली असेल, कारण काही असो. ५० सेकंदांवर ४ टक्के म्हणजे २ सेकंद, नुसत्या ट्रॅफिकमध्ये सहसा एवढं जात नाही. हा कॉलम लावल्यावर वेब कुठं गेला ते सांगायला नको. निम्मं कोडं सुटलं म्हणतो ते यासाठी, उरलेलं निम्मं म्हणजे शेवटच्या पाच लॅपमध्ये पुढच्या माणसाला तो जो त्रास देतो, चाक दाखवतो, लाइन बदलायला लावतो, ते कुठल्या सेलमध्ये टाकायचं?

लिहिता लिहिता एक सुचलं. तुटलेल्या लॅपात ट्रिपल क्राउनचे लॅप मी एकत्रच मोजतोय, ते वेगळे काढायला पाहिजेत. तिथं ४५० ची (४५० सीसीच्या मोठ्या वर्गाची) मेन १२ मिनिटं अधिक एक लॅप, तीन वेळा, नंबरांची बेरीज ज्याची कमी तो जिंकला. १२ मिनिटांत दमायला वेळच नाही, पण गेट मात्र तीनदा पडतं. म्हणजे टिकाव बघायला ट्रिपल क्राउन निरुपयोगी आणि स्टार्ट बघायला सोन्यासारखं. मग हीट रेसपण, म्हणजे मेनच्या आधीच्या पात्रता शर्यती, स्टार्टच्या कॉलममध्ये का घेऊ नये? हीटमधून नऊ-नऊ, एलसीक्यूमधून (शेवटच्या संधीच्या शर्यतीतून) चार, असे बावीस होतात, आणि हीट चांगली गेली तर मेनला गेट निवडायला आधी मिळतं. हो, हे घेतोच. ए-वनपर्यंत जमणार नाही, सॅन दिएगोला बघू.

आता रविवारच्या ए-वनचं. फॉर्मची शीट घेऊन पहिल्याच राउंडला पैजा लावणाऱ्यांनी हे जरा बघा: २०१८ ला ओपनर मस्कँनं मारली, टायटल अँडरसनचं. २०१९ आणि २०२० ला बार्सिया, टायटल वेब आणि टोमॅकचं. २०२१ ला ओपनर ह्यूस्टनला झाली, परत बार्सिया, टायटल परत वेबचं. २०२२ रॉक्झन, टायटल टोमॅक. २०२३ टोमॅक, आणि डेन्व्हरला त्याचं टाचेमागचं अकिलिस गेलं म्हणून टायटल सेक्स्टनचं. २०२५ सेक्स्टन, टायटल वेब. मधल्या २०२४ ला एकटा जेट लॉरेन्स दोन्ही घेऊन गेला, तेही ४५० सुपरक्रॉसच्या पहिल्याच सीझनला. आठपैकी एक. ए-वन बघायची मजा वेगळी, तिच्यावरून मे महिन्याचा अंदाज बांधायचा नाही.

त्यात २०२६ ला शीटची परीक्षाच आहे. सेक्स्टन केटीएम सोडून कावासाकीवर, टोमॅक यामाहा सोडून केटीएमवर. जुने आकडे माणसाचे की गाडीचे? मी आधी ठरवलं होतं की गाडी बदलली की जुना वेग निम्म्या वजनानं धरायचा. पण टोमॅक २०२२ ला कावासाकीवरून यामाहावर आला आणि त्याच वर्षी टायटल मारलं, वेब २०१९ ला केटीएमवर आला आणि त्याच वर्षी टायटल. दोघांनाही निम्मं वजन लावलं असतं तर शीट तोंडावर आपटली असती. म्हणून बेत बदलला, वेगाचं वजन तसंच ठेवतो, तुटलेल्या लॅपांचं वजन मात्र पहिले चार राउंड कमी, कारण नवी गाडी वूप्समध्ये कशी वागते हे रायडरलाच अजून कळलेलं नसतं. जेटचे २०२५ चे सुपरक्रॉस आकडे ग्लेनडेलला गुडघा गेला तिथंच संपतात, नंतरचं आउटडोअर मोटोक्रॉस आणि प्लेऑफ, ते या शीटला चालत नाही, त्यामुळं त्याच्या ओळीत सध्या फुली.

पुण्याचे मित्र बालेवाडीच्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचे आकडे पण टाक म्हणून मागं लागलेत. टाकले असते, पण लॅप बाय लॅप कागद हाताशी नाही, आणि स्टँडमधून मोबाईलच्या स्टॉपवॉचवर घेतलेले टाइम दीड सेकंदाच्या गॅपला कामाचे नाहीत. कोणाकडं नीट पीडीएफ असेल तर पाठवा, बाकी माझ्यावर सोडा.

कॅलिफोर्नियात शनिवारी दुपारी क्वालिफाइंग म्हणजे आपल्याकडं मध्यरात्र उलटलेली, आणि मेन रविवारी सकाळी. मधल्या तीन-चार तासांत क्वालिफाइंगचे आकडे भरून अंदाज टाकतो, लाईट राहिली तर. गड्ड्यामुळं, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेमुळं, घरात पाहुणे आहेत, त्यांना सांगून ठेवलंय की सकाळी हॉल माझा. आत्ताचा अंदाज विचाराल तर मोकळ्या लॅपावर सेक्स्टन, तुटलेल्या लॅपावर वेब, आणि पोडियमच्या तिसऱ्या जागेला टोमॅक की रॉक्झन यावर मी आणि अण्णा अजून भांडतोय. अण्णा रॉक्झन म्हणतात. शीट टोमॅक म्हणते, पण चारच मोकळ्या लॅपांवर, म्हणून ती ओळ अजून फिकट रंगात आहे.