तिसऱ्या चौदांत तेराच नावं

चर्चमधल्या आमच्या शब्बाथ शाळेच्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या, नाताळ संमेलनात पहिलं वाचन ठरलेलं असायचं: बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली येशूची वंशावळी. गाणी, नाटुकलं, बक्षिसं सगळं त्यानंतर. आम्हा मुलांना ते वाचन कधी एकदा संपतंय असं व्हायचं. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, आणि त्यातली निम्मी नावं जिभेवर चढायचीच नाहीत.

एका वर्षी बाईंनी ते वाचन आमच्यातल्या बोलताना अडखळणाऱ्या मुलाला दिलं. 'अब्राहामाला इसहाक झाला' इथून त्याने नीट सुरुवात केली. ओळीखाली बोट धरलं होतं आणि घामाने पानाची कड ओली झाली होती. राहाबेच्या नावापाशी तो थांबला. रा... रा... मागून कुणीतरी शब्द सुचवायला गेलं, तेव्हा बाईंनी नुसता हात वर केला. सगळं सभागृह थांबलं. किती वेळ ते आता सांगता येणार नाही, पण त्याच्या श्वासाचा आवाज मला अजून ऐकू येतो. मग त्याने ते नाव उच्चारलं. स्वतःच.

पुढच्या रविवारी बाईंनी तीच यादी पुन्हा उघडली. राहाब यरीहोतली वेश्या. तामारेने वेश बदलून सासऱ्याला फसवलेलं. रूथ परकी, मवाबी. आणि बथशेबेचं तर मत्तय नावही घेत नाही, 'उरीयाची बायको' म्हणतो. दुसऱ्याची बायको घेणाऱ्या दाविद राजाचं पाप झाकायला कुठे जागाच ठेवत नाही. येशूच्या घराण्याची ओळख अशी करून द्यायची, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "मोजून बघा." मत्तय चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट सांगतो. आम्ही बोटांवर मोजलं. तिसऱ्या गटात नवी नावं तेराच भरली! दुसऱ्या गटात योरामावरून तो थेट उज्जीयावर येतो, तेव्हा मधले तीन राजेही गळतात. आम्हाला वाटलं, चूक सापडली. बाई म्हणाल्या, दुसऱ्या गटाच्या शेवटी येणाऱ्या यकन्याला दोनदा धरलं की हिशेब जुळतो असं काहीजण सांगतात, मोठे झालात की वाचा. त्याहून जास्त समजवायला त्या गेल्या नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

पुढे माझी श्रद्धा पार पातळ झाली होती, प्रार्थनेचे शब्दही सुचत नव्हते, तेव्हा मी स्तोत्रांकडे नाही, या यादीकडे वळले. एकेक डागाळलेलं नाव बोटाने मोजत शेवटी येशूपर्यंत यायचं. पुनरुत्थानानंतर त्याने शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवलेल्या हातांवरही खिळ्यांचे वण होतेच, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा खरंखुरं कळलं.

त्या वर्षानंतरच्या संमेलनाच्या तयारीत बाईंनी विचारलं, वंशावळी कोण वाचणार? त्याच मुलाने हात वर केला. संमेलनात तो राहाबेपाशी पुन्हा थांबला. या वेळी मागून कुणीच शब्द सुचवला नाही.